समाधी, शकावली आणि पाणबुडी
दिवंगत नौसैनिकांच्या चरित्रनोंदींविषयी काही विचार

भोर शहरापासून फार दूर नसलेल्या अंबवडे या गावी मराठ्यांच्या इतिहासातील तीन पुरुषांच्या समाध्या आहेत. कारीचे कान्होजी जेधे देशमुख. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली सय्यद बंडास मारून शिवछत्रपतींचे प्राण रक्षिणारे जिवा महाला. आणि भोर संस्थानचे मूळ पुरुष शंकराजी नारायण सचिव, हे ते तिघे होत. शंकराजींनी १७०७ मध्ये येथेच देहत्याग केला. शाहू महाराज मोगली कैदेतून सुटून आले, तेव्हा ताराबाईंशी असलेले इमान आणि शाहूंचा वारसाहक्क यांच्या कात्रीत ते सापडले होते. एक देशमुख, एक अंगरक्षक आणि एक मुत्सद्दी अशा तीन दर्जांच्या माणसांचे स्मरण या लहानशा गावाने आजवर सांभाळले आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र याहून फार निराळा आहे. भारतीय नौदलाच्या पाणबुड्यांवर सेवा करून निवृत्त झालेल्या आणि आता दिवंगत झालेल्या सैनिकांच्या जीवनाची नोंद इतिहासाने कशी ठेवावी, हा तो विषय होय. सह्याद्रीच्या कुशीतील अंबवड्याहून त्याचा आरंभ करणे वाचकास विचित्र वाटेल. परंतु सैनिकाच्या स्मृतीचे जे साहित्य मराठी प्रदेशात शतकानुशतके सिद्ध झाले, ते बहुतेक भूमीवर लढणाऱ्यांचे साहित्य आहे, आणि त्याचे सर्व प्रकार भोर-वेल्ह्यांच्या मुलखात एकत्र पाहावयास मिळतात. ते साहित्य समुद्राखाली आयुष्य घालविणाऱ्यास कोठे पुरे पडते आणि कोठे अपुरे पडते, हे ठरविल्याशिवाय नव्या नोंदीची रीत ठरविता येणार नाही.

समाधी हा या साहित्याचा दृश्य भाग झाला. त्याहून मोलाचा भाग कागदांचा. कारीच्या जेधे घराण्याने शकावली आणि करीना जतन केले, आणि लोकमान्य टिळकांनी शकावली प्रकाशात आणली, तेव्हा शिवकालाच्या अभ्यासाची दिशाच पालटली. शिवजन्माची तिथी शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, हे मत पुढे प्रस्थापित झाले, त्याच्या मुळाशी या शकावलीतील एक ओळ आहे. बखरींतील पानेच्या पाने वर्णन जे करू शकले नाही, ते वर्ष, महिना, तिथी आणि घटना एवढ्याच गोष्टी सांगणाऱ्या त्या ओळीने केले. शकावली लिहिणाराला कोणाची स्तुती करावयाची नव्हती. म्हणूनच तिच्यावर विश्वास ठेवता येतो. याच मुलखात पुढे ज्यांची सत्ता चालली, ते पंत सचिवही मूळचे कागदपत्रांचे अधिकारी, हा योगायोग येथे नमूद करण्यासारखा आहे. अष्टप्रधानांतील सचिव म्हणजे सुरनीस. राजपत्रे आणि हिशेब तपासून शुद्ध करणे हे त्याचे काम. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन होईपर्यंत भोरच्या गादीचे नाव या लेखणीच्या पदावरूनच चालत आले.

तथापि या साहित्याची एक मोठी उणीव सांगितली पाहिजे, कारण तीच आपल्या विषयास अधिक लागू पडते. जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना घोडखिंडीत जी लढाई झाली, तीत पडलेले लोक प्रामुख्याने हिरडस मावळातील बांदलांच्या जमावाचे होते. बाजीप्रभू देशपांडे हेही याच मावळातील. त्यांचे शिंद हे गाव आज भोर तालुक्यात आहे. बांदलांच्या या पराक्रमाबद्दल जेध्यांकडे असलेला पहिल्या पानाचा मान त्यांच्या संमतीने बांदलांस देण्यात आला, अशी हकीकत जेध्यांच्याच घरी लिहून ठेवलेली आहे. आपला मान दुसऱ्याकडे गेल्याची नोंद त्या घराण्याने स्वतःच राखावी, ही गोष्ट त्याच्या सचोटीची साक्ष होय. पण खिंडीत पडलेल्यांपैकी आज आपणांस किती नावे सांगता येतात? बाजीप्रभूंचे नाव शाळकरी मुलांसही ठाऊक आहे. बाकीच्यांचा उल्लेख आपण बांदलांचे लोक, मावळे, तीनशे वीर असा करतो. नायकाचे नाव राहते आणि जमाव आकड्यात विरघळून जातो.

समुद्रावरील लढवय्यांच्या बाबतीत ही उणीव आणखी गडद होते. मुंबईतील बोरिवलीनजीक एकसर येथे जे वीरगळ आहेत, त्यांवर वल्ह्यांच्या युद्धनौकांच्या ओळी कोरलेल्या आहेत. यादव महादेव आणि कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यातील तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील युद्धाशी अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. नौका, वल्ही, बुडणारी माणसे, वर स्वर्गारोहण हे सर्व शिल्पकाराने मन लावून खोदले आहे. मात्र त्या नौकांवरील एकाही योद्ध्याचे नाव आज त्यांवर वाचावयास मिळत नाही. शिवछत्रपतींच्या आरमाराचा प्रारंभ झाला आणि सिंधुदुर्ग उभा राहिला, तेव्हा राजधानी राजगडावर, म्हणजे वेल्ह्याच्या मुलखात होती. आरमाराविषयीचे निर्णय ज्या डोंगरावर झाले, तेथून समुद्र दोन दिवसांच्या वाटेवर. १६७९ मध्ये खांदेरी बेटावर तटबंदी उभारली जात असता इंग्रजांशी आणि सिद्दीशी जे झुंज झाले, त्यात दौलतखान आणि मायनाक भंडारी यांची नावे येतात. तांडेल आणि खलाशी येथेही निनावीच आहेत. वेल्ह्यात पद्मावती माचीवर सईबाईंची समाधी आहे. पाण्यात पडलेल्यास असा चौथरा कोठे बांधावा?

आता पाणबुडीकडे वळू. प्रथम शब्दाविषयी थोडेसे. पाण्यात बुडी मारून मासे टिपणाऱ्या लहान पक्ष्यास आपण पाणबुडी म्हणत आलो, आणि मोती वा हरवलेले भांडे काढणाऱ्या माणसास पाणबुड्या. या जुन्या, ओळखीच्या शब्दावर मराठीने एका भयंकर यंत्राचा भार टाकला आणि तो शब्दाने पेलला. परंतु त्या यंत्रात राहणाऱ्या माणसासाठी आपल्यापाशी अद्याप सुटसुटीत शब्द नाही. ‘पाणबुडीवरील सैनिक’ असे लांबण लावावे लागते. ज्याला नावच नाही त्याचे चरित्र मराठीत कमी लिहिले जावे, यात आश्चर्य नाही.

भारतीय नौदलाच्या पाणबुडी शाखेचा जन्म ८ डिसेंबर १९६७ रोजी झाला. त्या दिवशी सोव्हिएत संघातील रीगा बंदरात ‘कलवरी’ ही पहिली पाणबुडी कमांडर के. एस. सुब्रमणियन यांच्या हाताखाली नौदलात दाखल झाली, आणि म्हणूनच ८ डिसेंबर हा पाणबुडी दिन पाळला जातो. तिच्यामागून १९६८ मध्ये ‘खांदेरी’ आणि १९६९ मध्ये ‘करंज’ व ‘कुरसुरा’ आल्या. पहिल्या अधिकाऱ्यांचे शिक्षण प्रथम ब्रिटिश नौदलाकडे झाले. १९६५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाल्यावर पुढील तुकड्या व्लादिवोस्तोक येथे गेल्या, आणि तेथे यंत्राबरोबर रशियन भाषाही शिकाव्या लागल्या. या वर्गाच्या पाणबुडीची लांबी सुमारे ९१ मीटर आणि तीवरील माणसे पाऊणशेच्या आसपास. तीत डिझेल यंत्रे, शेकडो टन वजनाच्या विद्युत्घटमाला आणि टॉर्पेडो यांना आधी जागा मिळे. माणसांनी उरलेल्या फटींत राहावयाचे. गोडे पाणी मोजून मिळे आणि तेलाचा वास कपड्यांतून सुट्टीवर घरापर्यंत येई. प्रत्येकाने स्वतःच्या कामाखेरीज संपूर्ण नौकेची रचना, प्रत्येक झडप आणि प्रत्येक नळी, तोंडपाठ केल्याशिवाय त्याच्या छातीवर डॉल्फिनचे चिन्ह लागत नसे. संकटसमयी कप्प्याचे दार बंद झाले म्हणजे आत जो असेल त्यानेच सर्व करावयाचे असते. अधिकारी आणि साधा नौसैनिक यांतील अंतर येथे इतर युद्धनौकांहून कमी असते, असे जे सर्व देशांतील पाणबुडीवाले सांगतात, त्याचे कारण या बंद दारात आहे.

अशा सेवेची स्मृती टिकण्यास तीन गोष्टी आडव्या येतात. पहिली गुप्ततेची. पाणबुडी कोठे गेली, किती दिवस राहिली, तिने काय पाहिले, हे सांगावयाचे नसते. घरी पत्नीसही नाही. सवय इतकी मुरते की निवृत्तीनंतरही माणूस बोलत नाही. दुसरी गोष्ट नौकेची. किल्ला ओस पडला तरी उभा राहतो. पाणबुडी मोडीत निघाली की तिचे पोलाद वितळविले जाते. विशाखापट्टणमच्या समुद्रकिनाऱ्यावर २००२ पासून संग्रहालय म्हणून ठेवलेली ‘कुरसुरा’ हा त्या पहिल्या चार भगिनींतील अपवाद. तिसरी गोष्ट मृत्यूच्या प्रकाराची. निवृत्त सैनिक अंथरुणावर, नगरांतील सदनिकेत किंवा गावच्या घरी मरण पावतो. त्याचा मृत्यू युद्धात झालेला नसल्यामुळे त्याचे नाव कोणत्याही स्मारकशिळेवर जात नाही.

यांपैकी पहिल्या अडचणीचे उत्तम उदाहरण म्हणून कॅप्टन मोहन नारायण राव सामंत यांच्या चरित्राकडे पाहता येईल. ४ सप्टेंबर १९६९ रोजी ‘करंज’ दाखल झाली, तेव्हा तिचे पहिले कप्तान कमांडर सामंत होते. मुंबईच्या दक्षिणेस असलेल्या करंजा बेटावरून ज्या पाणबुडीचे नाव ठेवले, तिचा पहिला नायक मराठी आडनावाचा असावा, हे उचितच झाले. पण सामंतांचे सर्वांत मोठे कार्य पाणबुडीवर घडले नाही. १९७१ मध्ये पूर्व बंगालच्या तरुणांस पाण्याखालून घातपात करण्याचे शिक्षण देण्याची जी गुप्त योजना नौदलाने हाती घेतली, तिच्या संचालनाची मोठी जबाबदारी त्यांच्याकडे आली. भागीरथीच्या काठी प्लासीजवळ छावणी पडली. चारशेहून अधिक तरुण, त्यांत पुष्कळसे विद्यार्थी आणि शेतकऱ्यांची मुले, छातीस सुरुंग बांधून रात्री नदी पोहावयास शिकले. १५ ऑगस्ट १९७१ च्या रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज येथे त्यांनी एकाच वेळी जहाजांवर घाव घातले. ठरलेली वेळ त्यांस आकाशवाणीवरील गाण्यांच्या संकेताने कळविण्यात आली होती. डिसेंबरमध्ये सामंत लहान नौकांचा ताफा घेऊन मोंगला व खुलना यांकडे गेले. १० डिसेंबर रोजी त्यांतील ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ या दोन नौका आपल्याच विमानांच्या चुकीच्या माऱ्याने बुडाल्या. ‘पनवेल’ वाचली आणि तिने पाण्यातील माणसे वर घेतली. सामंतांना महावीरचक्र मिळाले. पदक मिळाल्याचे जगाला कळले, परंतु ज्या योजनेचा हा शेवटचा अंक होता ती योजना दीर्घकाळ पडद्याआडच राहिली. सहकाऱ्यांच्या आठवणींतून तिचे काही अंश अधूनमधून बाहेर आले. संदीप उन्नीथन यांच्यासह सामंतांनी लिहिलेले ‘ऑपरेशन एक्स’ हे पुस्तक २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात सामंत निवर्तले होते. अठ्ठेचाळीस वर्षांनी हकीकत सांगितली गेली तीही मुख्य साक्षीदाराने अखेरच्या काळात लेखणी धरली म्हणून. ती धरली नसती तर आपल्या हाती पदकाच्या मानपत्रातील काही वाक्ये उरली असती, आणि त्यांवरून पुढील पिढीने तर्क केले असते.

या कथेतील दुसऱ्या काही पाणबुडीवाल्यांचा उल्लेख येथे अवश्य केला पाहिजे. छावणीचे पहिले शिक्षक-सैनिक होते आठ बंगाली नौसैनिक. ते पाकिस्तानच्या ‘मांग्रो’ या फ्रान्समध्ये बांधलेल्या पाणबुडीवर तूलाँ बंदरात शिक्षण घेत होते. ढाक्यातील कत्तलीच्या वार्ता कानी आल्यावर ३१ मार्च १९७१ रोजी ते निसटले आणि स्पेनमार्गे भारतात पोहोचले. सामंत आणि हे आठ जण यांस एकत्र आणणारा धागा पाणबुडीच्या शिक्षणाचा होता: अंधारात काम करणे, न बोलणे आणि ठरल्या मिनिटास ठरल्या जागी असणे. ‘पलाश’वर मरण पावलेले यंत्रविभागातील रुहुल अमीन यांस बांगलादेशाने ‘वीरश्रेष्ठ’ हा सर्वोच्च सन्मान दिला. त्या देशात तो एकंदर सात जणांसच मिळाला आहे. रूपसा नदीच्या काठी त्यांची कबर आहे. यंत्रघरातील माणसाचे नाव राष्ट्राच्या तोंडी असण्याचे असे उदाहरण आपल्याकडे शोधून काढावे लागेल.

ज्यांस मृत्यू नौकेवरच आला, त्यांची कथा थोडक्यात सांगतो. तीवर विस्तार करणे या लेखकास रुचत नाही. १४ ऑगस्ट २०१३ रोजी मध्यरात्रीनंतर मुंबईच्या गोदीत ‘सिंधुरक्षक’वर स्फोट झाले आणि तीन अधिकारी व पंधरा नौसैनिक असे अठरा जण मृत्यू पावले. देह ओळखण्यासाठी डी. एन. ए. तपासणीचा आधार घ्यावा लागला. २०१४ मध्ये ती नौका वर काढण्यात आली आणि २०१७ मध्ये अरबी समुद्रात खोल पाण्यात कायमची सोडण्यात आली. १९७१ च्या डिसेंबरात विशाखापट्टणमबाहेर बुडालेली पाकिस्तानची ‘गाझी’ आपल्या नव्वदांहून अधिक माणसांसह अद्याप तेथेच आहे. शत्रूच्या पाणबुडीतील माणसेही याच विद्येची होती, आणि त्यांच्या घरीही वाट पाहणारी माणसे होती. जर्मनीत कीलजवळ म्योल्टेनॉर्ट येथे दोन महायुद्धांतील पाणबुड्यांवर मेलेल्यांचे स्मारक आहे. तेथील कांस्यपटांवर सुमारे पस्तीस हजार नावे असून ती नौकेनुसार लावलेली आहेत. एका नौकेची माणसे एका ठिकाणी. नोंदीची ही रीत आपल्या विचारास उपयोगी आहे. पाणबुडीच्या माणसाचे गोत्र त्याची नौका असते.

नौदलानेही गोत्राची ही भावना आपल्या परीने जपली आहे. पाणबुडी गेली तरी तिचे नाव जात नाही. मुंबईत माझगाव गोदीत बांधलेली नवी ‘कलवरी’ २०१७ मध्ये, नवी ‘खांदेरी’ २०१९ मध्ये आणि नवी ‘करंज’ १० मार्च २०२१ रोजी दाखल झाली. नव्या ‘करंज’च्या समारंभास प्रमुख पाहुणे होते अ‍ॅडमिरल विजयसिंह शेखावत. जुनी ‘करंज’ दाखल झाली तेव्हा ते तिच्या पहिल्या तुकडीत होते, आणि १९७१ च्या युद्धात तिचे कप्तान. पहिले कप्तान सामंत त्यापूर्वी दोन वर्षे गेले होते. नावाचा हा पुनर्जन्म सुंदर आहे, यात संशय नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास त्यात एक धोकाही दिसतो. नाव अखंड चालू राहिले की त्यातील माणसेही जणू अखंड आहेत असा भास होतो, आणि १९६९ सालच्या पाऊणशे माणसांपैकी कोण उरले, कोण गेले, हे विचारण्याची गरज वाटेनाशी होते.

ही विचारपूस आज प्रत्यक्षात करतात ते निवृत्त सहकारी. एखादा जुना सोबती गेला की त्याच्या बरोबरीचे लोक चार ओळींची वार्ता एकमेकांस कळवितात: अमुक गृहस्थ अमुक दिवशी गेले, अमुक नौकेवर अमुक वर्षी अमुक कप्तानाच्या हाताखाली होते, विद्युत्घटांचे काम पाहत, किंवा ध्वनियंत्र ऐकत, शेवटी नातवंडांत रमले होते. या ओळींत भाषेचा डौल नसतो. मृताविषयी वाईट बोलू नये हा दंडक असल्यामुळे सर्वच मृत माणसे हसतमुख आणि कर्तव्यदक्ष निघतात, आणि तेवढा भाग अभ्यासकाने बाजूस ठेवावा. पण नौका, वर्ष, कप्तान आणि काम या चार गोष्टी? त्या म्हणजे शकावलीची ओळच आहे. कारीच्या देशमुखांच्या घरी जे घडले तेच येथे घडत आहे. जे राज्याच्या दफ्तरात सापडत नाही, ते संबंधितांच्या घरात, त्यांच्या गरजेपुरते, लिहिले जात आहे. फरक इतकाच की जेध्यांनी कागद जपला. ही चार ओळींची वार्ता वाचली जाते आणि नाहीशी होते.

म्हणून आमचे असे मत आहे की, विद्यापीठांतील इतिहास विभागांनी या मृत्युवार्ता साधन म्हणून मानाव्यात आणि नौकेनुसार लावाव्यात. दिवंगतांच्या घरी असलेली सेवापुस्तिका, शिक्षणकाळातील रशियन शब्दांची वही, रीगा वा व्लादिवोस्तोकहून आलेली पत्रे आणि मागे नावे लिहिलेली छायाचित्रे यांची प्रत करून घ्यावी. गुप्त मोहिमांच्या मागे लागण्याचे कारण नाही. तो विषय सरकारी दफ्तर खुले होईल तेव्हाचा. जेवण, झोप, भाषा, आजार, पगार, बदल्या, मुलांच्या शाळा या गोष्टी गुप्त नाहीत आणि त्यांतच त्या जीवनाचा बहुतांश भाग आहे. अधिकाऱ्यांच्या आठवणी प्रायः इंग्रजीत आहेत आणि त्या छापल्या जातात. साध्या नौसैनिकाच्या आठवणी त्याच्या मातृभाषेत आहेत व त्या न लिहिलेल्या आहेत. पुणे जिल्ह्यातच लोणावळ्याच्या ‘आय. एन. एस. शिवाजी’ या संस्थेत १९४५ पासून नौदलाच्या यंत्रविभागाचे शिक्षण दिले जाते. यंत्रघरातील माणसांच्या शोधास ती जागा भोर-वेल्ह्यांपासून एका दिवसाच्या आत आहे. बोलणाऱ्यास पुष्कळ वेळ द्यावा लागेल, कारण पहिल्या भेटीत हे लोक हवापाण्यापलीकडे काही सांगत नाहीत, आणि त्यांच्या पत्नींना वेगळे विचारावे लागेल. नवरा कोठे आहे हे ठाऊक नसता घर कसे चालविले, हे फक्त त्यांनाच सांगता येईल.

भोरजवळ भाटघर धरणाच्या पाण्यात वेळवंडी नदीकाठचे कांबरेश्वराचे जुने देवालय वर्षातील बहुतेक काळ बुडालेले असते. उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे ते काही आठवडे उघडे पडते; गावकरी गाळ काढतात, पूजा करतात, दगडांकडे पाहून घेतात, आणि पाऊस लागला की पाणी पुन्हा चढते. १९६७ ते १९६९ या काळात रीगा येथे दाखल झालेल्या पहिल्या चार पाणबुड्या घेऊन आलेल्या माणसांपैकी त्या वेळी जे विशीत होते, ते आज ऐंशीच्या आसपास आहेत.